गिअरचा दांडा आणि घरचा कारागीर

मोटार चालविणाऱ्या माणसाचा डावा हात अधूनमधून ज्या वीतभर दांड्याकडे वळतो, त्या दांड्याविषयीं आज मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मोटारीचे बाकीचे बहुतेक अवयव पत्र्याच्या झांकणाखालीं दडलेले असतात. मालकाला त्यांचें दर्शनहि क्वचित् घडतें. गिअरचा दांडा मात्र दिवसांतून शेंकडों वेळां मुठींत येतो. तो सैल झाला तर हाताला कळतें, कुरकुरला तर कानाला कळतें. म्हणूनच कीं काय, मोटार जन्मास आली तेव्हांपासून हातीं कानस आणि पाना घेऊन घरच्या अंगणांत बसलेल्या माणसाला पहिली इच्छा होते ती याच दांड्यांत कांहीं फेरफार करण्याची. या इच्छेलाहि एक इतिहास आहे, आणि तो मोठा बोधप्रद आहे.

प्रथम गिअर हवा कशाला, हें पाहूं. आपल्याकडे भरलेली बैलगाडी घाटाच्या पायथ्याशीं आली म्हणजे गाडीवान जादा बैलजोडी जुंपीत असे. वाफेच्या यंत्राला ही अडचण फारशी नव्हती. तें थांबलेल्या स्थितींतूनहि जोरानें ओढूं शकतें. पेट्रोलच्या यंत्राचा स्वभाव वेगळा. तें एका ठराविक वेगानें फिरूं लागलें तरच त्याच्या अंगांत बळ येतें. वेग मंदावला कीं तें गुदमरून बंद पडतें. चढणीवर त्याला जादा बैल जुंपतां येत नाहींत. मग उपाय एकच : यंत्राला भरभर फिरूं द्यावें आणि चाकांना सावकाश फिरवावें. लहान दातेरी चाकानें मोठें दातेरी चाक फिरविलें म्हणजे वेग घटतो आणि जोर वाढतो. अशा लहानमोठ्या चाकांच्या जोड्यांतून हवी ती जोडी निवडणें, एवढेंच त्या दांड्याचें काम.

हें काम पहिल्या पिढींत फार कठोर रीतीनें होत असे. पॅरिसच्या ‘पानार आणि लेव्हासोर’ या कारखान्यांतील एमिल लेव्हासोर यानें १८९१ च्या सुमारास यंत्र पुढें, त्यामागें क्लच आणि त्यामागें सरकत्या दातेरी चाकांची पेटी, अशी रचना केली. त्या चाकांना आरंभीं पेटीहि नव्हती. तीं रस्त्याच्या धुळींत उघडींच फिरत. चालकानें दांडा ओढला कीं एक फिरतें चाक दुसऱ्या फिरत्या चाकाच्या कुशींत घुसवावयाचें. दोघांचे वेग जुळले तर ठीक, नाहीं तर दातांवर दांत आपटून कर्कश आवाज व्हावयाचा. ही रीत रानटी खरी, पण तिनें काम भागतें, असें स्वतः लेव्हासोर म्हणत असे, अशी आख्यायिका आहे. काम भागत होतें यांत मात्र संशय नाहीं. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत सुमारें पावणेबाराशें किलोमीटरांचें अंतर त्यानें ४९ तासांच्या आंत तोडलें, आणि तेंहि जवळजवळ एकट्यानेंच गाडी हांकून.

आतां घरच्या कारागिराकडे वळूं. पॅरिसजवळच्या बियांकूर गांवीं एका सधन व्यापाऱ्याच्या बागेंत अवजारें ठेवण्याची एक खोपी होती. त्या व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा लुई रेनो हा शाळेच्या अभ्यासांत रमणारा नव्हता. त्याचें चित्त यंत्रांत गुंतलेलें. १८९८ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें ‘दे दियों-बूतों’ कंपनीची एक तीनचाकी घेतली आणि त्या खोपींत बसून तिची चारचाकी बनविली. परंतु त्याची खरी करामत चाकांच्या संख्येंत नव्हती. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत यंत्राचा जोर सांखळीनें किंवा पट्ट्यानें मागच्या चाकांपर्यंत नेत, आणि प्रत्येक गिअरमध्यें दातेरी चाकांच्या घर्षणांत कांहीं जोर वायां जाई. रेनोनें सांखळी काढून टाकली, तिच्या जागीं फिरता दंड बसविला, आणि तीन गिअरांची अशी पेटी केली कीं तिसऱ्या गिअरमध्यें येणारा दंड आणि जाणारा दंड एकमेकांत थेट अडकून एक होत. मग कोणत्याहि दातावर भार नाहीं, आवाज नाहीं, नासाडी नाहीं.

त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्रीं, म्हणजे २४ डिसेंबर १८९८ रोजीं, मित्रमंडळींत पैज लागली आणि रेनो ती चिमुकली गाडी घेऊन मोंमार्त्र टेकडीवरील लेपिक रस्ता चढून गेला. तो चढ शेंकडा तेरांचा. म्हणजे शंभर पावलें पुढें जावें तों तेरा पावलें उंच चढावें. गाडीचें यंत्र पावणेदोन अश्वशक्तीचें. त्याच रात्रीं त्याला बारा गाड्यांची मागणी आली असें सांगतात. पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत त्यानें या रचनेचें पेटंट घेतलें, भावांनीं ‘रेनो बंधु’ ही कंपनी स्थापली, आणि जगांतील मोटार कारखाने थेट जोडणीच्या त्या युक्तीचें अनुकरण करूं लागले. बागेंतल्या खोपींत झालेला एक फेरफार जगाच्या वहिवाटींत शिरला, तो असा.

दांड्याची चाल सुधारण्याचें श्रेय जर्मन यंत्रशास्त्रज्ञ विल्हेल्म मायबाख याजकडे जातें. पहिल्या गाड्यांत दांडा एकाच रेषेंत पुढेंमागें सरके. चौथ्या गिअरवरून पहिल्यावर यावयाचें तर तिसरा आणि दुसरा ओलांडूनच यावें लागे. जिन्याच्या पायऱ्या जणूं. १९०१ सालीं नीस येथें गाजलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीस गाडींत मायबाखनें दांड्याला खांचांचें दार दिलें. आडवें सरकवून ओळ निवडावी आणि मग पुढें किंवा मागें लोटून गिअर निवडावा, ही आजची परिचित रीत तेथून रूढ झाली. दांड्याच्या मुठीवर आजहि जी आकृति कोरलेली असते, ती त्या दाराचीच खूण.

नंतर अमेरिकेंत एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९०८ ते १९२७ या काळांत फोर्डच्या ‘टी’ नमुन्याच्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या, आणि त्यांत आपण ज्याला गिअरचा दांडा म्हणतों तो मुळीं नव्हताच ! पुढें जाण्याचे दोन गिअर, आणि ते पायानें बदलावयाचे. सामान्य शेतकऱ्याला तें सोपें पडलें. पण दोन गिअरांमधली दरी फार मोठी. खालच्या गिअरवर यंत्र किंचाळे, वरच्यावर धापा टाकी. तीव्र चढणीवर कित्येक लोक गाडी उलटी करून मागच्या गिअरवर चढवीत; एक तर तो गिअर अधिक जोराचा, आणि दुसरें म्हणजे पेट्रोलची टांकी आसनाखालीं असल्यामुळें नाक वर केलें कीं यंत्राला पेट्रोल पोंचत नसे. तेव्हां घरोघरच्या कारागिरांनीं बाजारांतून जोडगिअर आणून स्वतः बसविण्यास प्रारंभ केला. रकस्टेल नांवाचा दोन वेगांचा मागील आस प्रसिद्ध झाला. वॉरफोर्ड आणि मन्सी या नांवांच्या जादा पेट्या गाडीच्या पोटांत बसूं लागल्या, आणि त्यांच्याबरोबर जमिनींतून वर एक दांडाहि आला. कारखान्यानें वगळलेला दांडा गिऱ्हाइकानें आपल्या हातानें परत आणला !

इकडे ज्या गाड्यांत दांडा होता, तेथें ‘डबल क्लच’ ही विद्या चालकाच्या अंगीं असावी लागे. समजा, तिसऱ्या गिअरमध्यें यंत्राचे दीड फेरे म्हणजे दंडाचा एक फेरा, आणि दुसऱ्यांत दोन फेऱ्यांना एक. यंत्र मिनिटाला १८०० फेरे घेत असतां त्याच वेगानें दुसऱ्या गिअरवर उतरावयाचें तर त्याला २४०० फेरे घ्यावयास हवेत. म्हणून क्लच दाबावा, दांडा मधल्या मोकळ्या जागीं आणावा, क्लच सोडावा, ॲक्सिलरेटर देऊन यंत्राचा वेग वाढवावा, पुन्हां क्लच दाबावा, आणि मग दांडा दुसऱ्यांत घालावा. हें सारें दोन पळांत ! १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. त्यानंतर घाटाघाटांतून जड गाड्या हांकणाऱ्या ज्या पिढ्या आपल्याकडे तयार झाल्या, त्यांतील जुन्या चालकांच्या पायांत ही लय इतकी भिनलेली असे कीं, दांडा लोण्यांत सुरी जावी तसा जाई.

या विद्येची गरज कमी केली ती अमेरिकेंतील अर्ल थॉम्प्सन यानें. त्याच्या युक्तीवर आधारलेली समवेगी गिअरपेटी १९२८ च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. तिचें मर्म सोपें आहे. दातांत दांत अडकण्यापूर्वीं पितळेसारख्या धातूची एक शंक्वाकृति कडी फिरत्या गिअरच्या उतारावर दाबली जाते. घर्षणानें दोघांचे वेग सारखे होतात आणि मगच दांत एकमेकांत शिरतात. परंतु हें ध्यानांत ठेवावें कीं, त्या कडीला आपलें काम करण्यास क्षणभर अवधि हवा असतो. या क्षणाची गोष्ट पुढें निघणार आहे.

१९३८-३९ च्या सुमारास अमेरिकन कारखानदारांनीं दांडा जमिनींतून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेला. पुढच्या आसनावर तिघांना पाय मोकळे करून बसतां यावें हा हेतु. फोर्डनेंहि १९४० सालीं तसेंच केलें. पण दक्षिण कॅलिफोर्नियांतील कोरड्या सरोवरांच्या पात्रांत गाड्या पळविणाऱ्या तरुणांना ती लांबलचक दांड्यांची गुंतागुंत रुचली नाहीं. ते भंगारवाल्याकडून फोर्डची १९३९ ची गिअरपेटी हुडकून आणीत, कारण समवेगी आणि तरीहि जमिनींतून दांडा असलेली ती शेवटची. तींत लिंकन-झेफर गाडीचीं दातेरी चाकें बसवीत, आणि हें सारें घरच्या गॅरेजांत. पुढें पेन्सिल्व्हानियांतील जॉर्ज हर्स्ट यानें खांबावरचा दांडा जमिनींत आणण्याचें तयार साहित्य विकण्यास आरंभ केला, आणि १९६४ च्या पाँटिॲक जी.टी.ओ. गाडींत त्याचा दांडा कारखान्यांतूनच बसून येऊं लागला. बियांकूरच्या खोपीची कथा येथें पुन्हां घडली : आज घरीं केलेला फेरफार उद्यां कारखाना आपला म्हणून विकतो.

आपल्या देशांत खांबावरच्या दांड्याला दीर्घायुष्य लाभलें. सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची, मुंबईच्या कुर्ल्यांत तयार होणारी फियाट, जी पुढें ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली, आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, या दोन्हीं गाड्यांचा दांडा स्टिअरिंगखालून डाव्या बाजूस निघे. चार गिअर; त्यांतील पहिला समवेगी नसल्यामुळें गाडी पुरती थांबवूनच त्यांत शिरावें, नाहीं तर जुनी डबल क्लचची विद्या स्मरावी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत दिवसभर हजारों वेळां खालींवर होणाऱ्या त्या दांड्याचे सांधे झिजत, आणि मग तो दांडा हातांत मेल्यासारखा लोंबे. कुणी सांध्यांतले बुश बदलून घेत, कुणी धाडस करून गॅरेजांत दांडा जमिनींतून काढवून घेत. ॲम्बॅसडरच्या इसुझु यंत्राच्या गाड्यांत १९९० नंतरच्या दशकांत जमिनीवरचा दांडा रीतसरच आला. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून निवृत्त झाली, आणि तो लोंबता दांडाहि शहराच्या आठवणींत जमा झाला.

आतां या इतिहासाच्या ओघांत माझ्या मूर्खपणाची एक कथा सांगतों. माझ्याजवळ एक जुनी लहान मोटार होती, दांडा जमिनींतला. त्याची चाल मला लांबट वाटूं लागली. तरफेचा नियम शाळेंत शिकलों होतों. दांडा ज्या टेंकूवर डोलतो, त्याच्या वरचा भाग २५ सेंटिमीटर आणि खालचा ५. म्हणजे खालचें टोंक २ सेंटिमीटर हलवावयास मूठ १० सेंटिमीटर न्यावी लागे. मीं विचार केला : टेंकू एक सेंटिमीटर वर घेतला तर वर २४ आणि खालीं ६, म्हणजे मुठीची चाल ८ सेंटिमीटर. किंवा त्याहून सोपें, वरचा दांडाच ५ सेंटिमीटर कापला तर २० आणि ५, हिशेब तोच. रविवारीं सकाळीं अंगणांत बसून मीं करवतीनें तो तुकडा कापला, नवे आटे पाडले आणि मूठ बसविली. चाल खरोखरच आंखूड झाली. मला रेनोच्या खोपींत बसल्यासारखें वाटलें !

हिशेबाची दुसरी बाजू मात्र मीं मांडली नव्हती. तरफ फुकट कांहींच देत नाहीं. चाल एक-पंचमांशानें घटली, तेव्हां तोच दाब आंत पोंचविण्यास हाताचा जोर सव्वापट लागूं लागला. आणि हात तर चेकाळलेला. आंखूड चालीची ऐट दाखविण्यासाठीं मी दांडा फटकन् मारूं लागलों. त्या पितळी कडीला जो क्षण हवा होता, तोच मीं कापून टाकला होता. पावसाळ्यांत एकदां घाट उतरतांना तिसऱ्यावरून दुसरा घ्यावयास गेलों तों आंत करवत चालल्यासारखा आवाज झाला आणि गिअर बसेना. तिसरा सुटलेला, दुसरा लागत नाहीं, गाडी उतारावर मोकळी, शेजारीं पत्नी आणि मागें मुलें. ब्रेक दाबून, हातब्रेक ओढून, कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूस लावली. कुणी कांहीं बोललें नाहीं. तें मौन मला अजून ऐकूं येतें.

गिअरपेटी उघडली तेव्हां दुसऱ्या गिअरची कडी गुळगुळीत झालेली निघाली. ज्या वयोवृद्ध मिस्त्रींनीं ती उघडली, त्यांनीं दांड्याच्या बुडाशीं बोट लावून तो हलवून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, तुमचा दांडा लांब नव्हता. खालचा बुश खाल्ला होता, म्हणून तो डुलत होता. डुलणाऱ्याला तुम्हीं लांब समजलांत.” मग क्षणभर थांबून त्यांनीं विचारलें, “कापलेला तुकडा ठेवला आहे ना ?” तो माझ्या खणांत होता. त्यांनीं तो पुन्हां जोडला, कडी बदलली, कांहीं रुपयांचा नवा बुश घालून ग्रीस भरलें. दांड्याची चाल पूर्वींइतकीच झाली. पण ती आतां मला लांब वाटेना. त्या दांड्यावरचा जोड शेवटपर्यंत दिसत असे, आणि मला तो बुजवावासा कधीं वाटला नाहीं.

श्रोतेहो, यावरून कुणी असें समजूं नये कीं, घरच्या माणसानें यंत्राला हातच लावूं नये. तसें असतें तर लेपिकचा चढ कुणी चढलाच नसता. रेनोनें हात लावला, टी-फोर्डच्या मालकांनीं लावला, कॅलिफोर्नियांतल्या पोरांनीं लावला. परंतु यशस्वी झालेल्या या सर्वांत एक समान गुण दिसतो. जें काढावयाचें, तें मुळांत तेथें कां होतें, हें त्यांना ठाऊक होतें. रेनोला सांखळीचा दोष कळला होता, तसेंच सांखळी कोणतें काम करते हेंहि कळलें होतें. म्हणून ती काढण्यापूर्वीं त्यानें तिच्या कामाची दुसरी सोय केली. मीं मात्र पांच सेंटिमीटर लोखंड पाहिलें, आणि त्या पांच सेंटिमीटरांत सांठविलेला अवधि पाहिला नाहीं. आणखीहि एक भेद आहे. त्यांनीं जोखीम पत्करली ती आपल्या जिवावर. मीं ती न विचारतां घरच्या माणसांच्या जिवावर पत्करली.

आतां तर हा दांडाच काळाच्या पडद्याआड चालला आहे. गिअरबदल सुगम करणारा तोच अर्ल थॉम्प्सन पुढें आपोआप गिअर बदलणाऱ्या ‘हायड्रामॅटिक’ पेटीच्या कामाचाहि प्रमुख झाला, आणि १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून ती पेटी घरोघरीं गेली. विजेच्या बहुतेक मोटारींना गिअर बदलण्याची गरजच नाहीं, कारण विजेचें यंत्र थांबल्या जागेवरूनहि पुऱ्या जोरानें ओढतें. आणि मौज पाहा : २०२३ सालीं आलेल्या ह्युंदाईच्या एका विजेच्या गाडींत गिअर बदलल्याचे खोटे धक्के आणि खोटा आवाज मुद्दाम ठेवले आहेत ! गरज संपली तरी हाताची आठवण संपत नाहीं, हेंच खरें.

तोंवर ज्यांच्या घरीं दांड्याची मोटार आहे आणि ज्यांच्या हाताला पाना धरण्याची खाज आहे, त्यांना माझें एवढेंच सांगणें : दांडा लांब आहे कीं सैल आहे, हें आधीं पाहा. बुश बदला, ग्रीस घाला, आठवडाभर चालवून पाहा. त्यानंतरहि फेरफार करावासा वाटला तर तो जाणत्याला दाखवून करा, पहिल्यानें सपाट मोकळ्या रस्त्यावर एकटेच चालवून पाहा, आणि कापलेला तुकडा मात्र जपून ठेवा.